निळ्या कॅनांचा वैरी

रिकाम्या भांड्याकडे इतक्या संशयाने पाहणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. भरलेल्या कॅनचे साहेबांना काही वाटत नसे. त्यावर नाव असते, सूचना असतात, कवटीचे चित्र असते. आपण कोण आहोत हे तो लपवत नाही. "रिकामा झाला की तोच कॅन साळसूद होतो," असे ते म्हणत, आणि साळसूद हा शब्द उच्चारताना त्यांची नजर अनेकदा माझ्याकडे असे. मी एका टॉवेल कारखान्याचा स्टोअरकीपर आहे. रिकामे आणि भरलेले, दोन्ही माझ्याच ताब्यात असते. त्या नजरेत माझ्यासाठी काही वेगळे होते का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटते, होते.

आमचा कारखाना सोलापुरात अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आहे. टॉवेल विणायचे, रंगवायचे, शिवायचे आणि बाहेर पाठवायचे. एवढ्या यंत्रांना थंड ठेवायला मागच्या बाजूला कूलिंग टॉवर आहे. तेच पाणी वरून खाली पडते, थंड होते आणि पुन्हा फिरते. सोलापूरच्या उन्हात असे उघडे पाणी फार दिवस शहाणे राहत नाही. त्यात शेवाळ धरते, पाइपांच्या आत बुळबुळीत थर चढतो, कुबट वास सुटतो. सुताला द्यायची खळ दोन दिवस पडून राहिली तर तीही आंबते. या सगळ्यावर उपाय म्हणून जंतू मारणारी रसायने वापरतात. कागदोपत्री त्यांना बायोसाइड म्हणतात. आमच्याकडे सगळे 'टॉवरचं औषध' म्हणत.

हे 'औषध' सांभाळायला साहेब आले. ते पाण्याचे केमिस्ट. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू, बाहेर अतिशय नेटके मराठी. आधी एका गिरणीत होते. ती बंद पडली आणि आमच्या वाट्याला ते आले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बॉयलरवरच्या माणसाला अडवले.

"काय घेऊन चाललात?"

"टॉवरचं औषध, साहेब."

"औषध आजाऱ्याला देतात. इथे आजारी कोण आहे?"

तो बिचारा क्षणभर विचार करून म्हणाला, "टॉवरच की."

साहेब हसले नाहीत. "हे विष आहे. उपयोगाचे आहे, मी रोज वापरतो, पण विष आहे. नाव नीट घ्या म्हणजे हातही नीट लागतील."

त्या दिवसापासून कारखान्यात त्यांच्यासमोर 'विष' आणि त्यांच्यामागे 'औषध' असे दोन शब्द सुखाने नांदू लागले.

मे महिन्याच्या भर दुपारी ते गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, लांब हातमोजे आणि चष्म्यावर दुसरा मोठा चष्मा चढवून टॉवरपाशी जात. ओतण्याआधी शिट्टी वाजवत. आसपास मांजर जरी असले तरी ते जाईपर्यंत थांबत. एकच रसायन ते सलग वापरत नसत. दोन आलटून पालटून वापरायचे, आणि तेही ठरलेल्या वाराला नाही. जंतूंना एकाच विषाची सवय होते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते शास्त्राला धरूनच होते. पण त्यांनी ते शास्त्र टॉवरपुरते ठेवले नाही. ते रोज वेगळ्या रस्त्याने घरी जात. एका न्हाव्याकडे लागोपाठ दोनदा केस कापत नसत. चहाची टपरी बदलत, डबा खायची जागा बदलत. मी एकदा धीर करून विचारले, "साहेब, तुमच्या मागावर कोण आहे?"

"सवय," ते म्हणाले.

आणि इतक्या जंतूंचा काळ असलेल्या या माणसाचे सगळ्यात लाडके पाळलेले प्राणी म्हणजे जंतूच होते. त्यांच्याकडे विरजण होते. ते त्यांच्या आईच्या हातचे, आणि आईला तिच्या आईकडून आलेले, असे ते सांगत. मातीच्या लहान गाडग्यात ते रोज दही लावत. ज्या छपराखाली विष आहे त्या छपराखाली दही ठेवायचे नाही, असा त्यांचा नियम असल्यामुळे ते गाडगे माझ्या टेबलामागच्या फळीवर येऊन बसले. बायोसाइडचे कॅन लांब, पलीकडच्या शेडमध्ये. कामगार म्हणत, "जंतू मारायचा पगार घेत्यात आन् जंतूच पाळत्यात." हे त्यांच्या कानावर गेले तेव्हा त्यांना मनापासून आनंद झाला. "बरोबर आहे," ते मला म्हणाले, "ज्याला पाळता येत नाही, त्याने मारू नये." दुपारी कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर ते दही ज्याने मागितले त्याला मिळे. मीही ते पुष्कळ खाल्ले आहे. सोलापुरात तसे दही मी पुन्हा चाखले नाही.

साहेबांना आमच्याकडची एक पद्धत ठाऊक नव्हती, आणि ती त्यांना सांगावी असे आमच्यापैकी कोणाला सुचलेही नव्हते. खंडेनवमीला आम्ही माग, शिलाई यंत्रे, टॉवर, सगळ्यांची पूजा करतो. झेंडू बांधतात, नारळ फुटतो, पेढे आणि एकेक टॉवेल मिळतो. आणि वर्षभरात जमलेले टॉवरच्या औषधाचे निळे कॅन कामगारांना घरी न्यायला देतात. या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. येते तेव्हा घरातली वाटीसुद्धा भरून ठेवावी लागते. त्यामुळे रुंद तोंडाचा, झाकणाचा, पडला तरी न फुटणारा तो कॅन पेढ्यांपेक्षा मोलाचा. सगळ्यांना पुरत नसत, म्हणून विभागांच्या पाळ्या होत्या. कोणाची पाळी हे मी सांगत असे, आणि ते सांगताना मला बरे वाटे.

त्या वर्षी पाळी शिवण विभागाची होती. तिथल्या प्रमुख सुगलाबाई. माहेर वळसंगचे, आवाज चार यंत्रांच्या वर ऐकू जाणारा, टॉवेलची कड डोळे मिटून सरळ मारणाऱ्या. त्यांच्या सुनेला नुकतेच बाळ झाले होते आणि घरात पाण्याला एक घागर आणि दोन बादल्या. पाळीची वाट त्या कधीपासून पाहत होत्या.

खंडेनवमीच्या आदल्या आठवड्यात शिवण विभागाच्या बायका दुपारच्या सुट्टीत मागच्या नळावर कॅन घासायला बसल्या. चिंच, राख, निरमा, जिला जे पटेल ते. घासण्याच्या तालावर हसणे चालले होते. साहेब तिथून गेले, परत आले, आणि सरळ माझ्याकडे.

"त्या काय करताहेत?"

मी सांगितले. सांगताना माझा आवाज आपोआप खाली गेला, यावरून मला आतून काहीतरी कळत होते असे मानायला हरकत नाही.

"घरी? पाण्याला?" त्यांनी विचारले. मग थोडे थांबून, "तुमच्या घरी आहे?"

"एक आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तेव्हा शेडमधल्या एकूणएक कॅनच्या बुडाला बोटभर भोक होते. तापवलेल्या सळईने पाडलेले, कडा वितळून गुळगुळीत झालेल्या. काम सुबक होते. त्यांना वेडेवाकडे काही करताच येत नसे.

गोंधळ व्हायचा तो झाला. माग थांबले नाहीत, पण शिलाई यंत्रे थांबली. बायका शेडसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सुगलाबाई पुढे झाल्या.

"सायेब, हे कुणी केलं?"

"मी."

"का वो? आमी काय वाकडं केलं तुमचं?"

"बाई, यात विष होतं."

"व्हतं. आता न्हाई. ह्या हातानं घासलंय. वास घ्या, हाय का काय?"

"वास नसतोच. तेच तर."

"तुमच्या घरी गच्चीवर टाकी हाय," सुगलाबाई म्हणाल्या, "म्हणून तुमाला भोकं पाडाया सुचतंय."

मग त्यांनी शेवटचा पत्ता टाकला. आदल्या संध्याकाळीच त्यांनी आपला कॅन उचलून शिलाई यंत्राखाली, चिंध्यांच्या पोत्यामागे ठेवला होता. तो शाबूत होता. "त्यो मी नेणार. कोण आडवतंय बघू."

साहेब म्हणाले, "न्या. मी हात लावणार नाही. फक्त आजची रात्र तो इथे राहू द्या. उद्या घरून दूध आणि विरजण घेऊन या. तुमचंच. माझं नको."

बाईंना यात डाव दिसेना, म्हणून त्या कबूल झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या म्हशीचे तापवून कोमट केलेले दूध आणले. अर्धे स्टीलच्या डब्यात, अर्धे त्या निळ्या कॅनमध्ये. साहेबांच्या सांगण्यावरून कॅन तिरका करून दूध सगळ्या बाजूंना फिरवले. दोन्हीकडे विरजण बाईंनी स्वतः लावले. साहेब हात मागे बांधून लांब उभे होते.

त्याच्या दुसऱ्या सकाळी शिवण विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. डब्याचे झाकण निघाले. दही असे की चमचा उभा राहावा. बाईंनी कॅन वाकवला. दूध पाण्यासारखे धावत बाहेर आले.

"लागलं न्हाई की," कोणीतरी म्हणाले.

"म्हशीचा दोष आसंल," मागावरच्या एकाने मागून टाकले.

"म्हशीला नाव ठेवू नगं, माझी हाय ती," सुगलाबाई मागे न बघता म्हणाल्या. पण डोळे दुधावरच होते.

साहेब तेव्हा जे बोलले ते मला आवडले, कारण त्यांनी जिंकल्याचा आव आणला नाही. "याचं पाणी प्यालं की माणूस मरतो, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही. पण हे रसायन प्लास्टिकला चिकटून बसतं आणि घासून पूर्ण निघत नाही. तुमचं विरजण त्यानं मारलं, हे तुम्ही बघितलं. लहान मुलाच्या पोटातही असंच नाजूक काहीतरी चाललेलं असतं."

बाईंनी कॅन उभा केला. पदराने हात पुसले, पुन्हा पुसले.

"पटलं," त्या म्हणाल्या. "आता पाणी कशात भरू, तेवढं सांगा."

प्रत्येक प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर तयार असे, त्या माणसाला मी पहिल्यांदाच असे उभे पाहिले. यंत्रे सुरू झाली तरी ते तिथेच होते.

खंडेनवमी झाली. झेंडू होता, पेढे होते, कॅन नव्हते. दुपारी साहेबांचे दही कोणी मागितले नाही. गाडगे भरलेले तसेच माझ्या फळीवर राहिले. मालकांनी त्यांना बोलावून घेतले आणि सणाच्या दिवशी माणसे नाराज झाल्याबद्दल सुनावले. साहेब परत आले ते माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिले. मी चहा मागवला. त्यांनी नेहमीसारखा पेल्याचा वास घेतला नाही, सरळ प्यायले. मला त्यांची काळजी वाटली ती त्यामुळे.

पण त्याच रविवारी ते सळई घेऊन माझ्या घरी आले. तत्त्व म्हणजे तत्त्व. आमचा कॅन न्हाणीघरात होता आणि नेमका काठोकाठ भरलेला. पाणी वाया घालवणे त्यांना मान्य नव्हते आणि भोक पाडल्याशिवाय जाणेही. त्यांनी चहा घेतला, पोहे घेतले, आणि तेवढ्या वेळात माझ्या पत्नीकडून जिना धुऊन घेतला, माझ्याकडून स्कूटर धुऊन घेतली, उरलेले गच्चीतल्या कुंड्यांना स्वतः घातले. मग सळई तापवायला गॅस मागितला. पत्नी मला आत म्हणाली, "यांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हणालो, आहे, आपले नव्हते. ते गेल्यावर मात्र त्या भोकाकडे पाहताना मला जो राग आला तो शुद्ध होता. कळणे आणि हातचे सोडणे यांत किती अंतर असते, ते मी त्या न्हाणीघरात मोजले.

पुढच्या आठवड्यात रसायन पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. टाय घातलेला, घामाघूम, हसतमुख. साहेबांनी त्याला माझ्या स्टोअरमध्येच बसवले.

"तुम्ही माल आणता तो कॅन नवा असतो?"

"एकदम कोरा, साहेब. आमची क्वालिटीच तशी."

"विषाला कोऱ्या कॅनची हौस कशाला?"

"साहेब?"

"विषाला जुना चालतो. त्याचा स्वतःचाच जुना तर उत्तम. तुम्ही आमचे रिकामे परत न्या, त्यात तोच माल भरून आणा. आणि ज्या कोऱ्यात तुम्ही भरणार होता, तो कोरा रिकामाच आम्हाला द्या. तुमचं काय गेलं?"

तो माणूस छताकडे पाहू लागला. बोटांवर काहीतरी मांडले, पुसले, पुन्हा मांडले. "असं कोणी करत नाही, साहेब."

"म्हणून तर तुमच्याशी बोलतोय."

"तसं जमेल," तो शेवटी म्हणाला. "पण साहेब, शेडमध्ये बघितलं मी. तुमच्या सगळ्या कॅनना भोकं आहेत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत या वेळी संशय नव्हता. मदतीची हाक होती, आणि ती द्यायची त्यांना सवय नसल्यामुळे फार अवघडलेली होती.

"एक शाबूत आहे," मी म्हणालो. "सुगलाबाईंच्या यंत्राखाली."

बाईंकडे ते एकटे गेले नाहीत, मला घेऊन गेले. सगळे समजावून सांगितले: हा कॅन द्या, गाडी परत येईल तेव्हा पहिला कोरा तुमचा. बाई ऐकत राहिल्या. तो कॅन विषारी आहे हे त्यांना पटले होते, पण विषारी का होईना, हातात तो एकच होता. आणि त्याच्या बदल्यात मिळत होता तो शब्द, आणि तोही भोके पाडणाऱ्याचा.

"गाडी न्हाई आली तर?"

"येईल."

"तुमी म्हणताय. गाडी कुटं म्हणतीय?" त्यांनी पायाने यंत्र थांबवले. "असं करा. तवर तुमच्या घरचं कायतरी ठेवा माझ्याकडं. पाणी मावंल आसं."

"तारण?" साहेबांनी विचारले.

"व्हय. तारणच."

आजूबाजूच्या बायका हसल्या. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "योग्य आहे."

दुसऱ्या दिवशी ते स्कूटरवरून आले ते मागच्या सीटवर स्टीलचे मोठे पिंप दोरीने बांधून. झाकणासकट, तोटीसकट. घरच्या मंडळींशी त्यावरून काय झाले असेल ते त्यांनी सांगितले नाही, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी विचारले नाही. बाईंनी पिंप वाजवून पाहिले, तोटी फिरवून पाहिली, आणि चिंध्यांच्या पोत्यामागून निळा कॅन काढून त्यांच्या हाती दिला.

गाडी दिवाळीच्या तोंडावर आली. आमचा जुना कॅन भरून आला होता, आणि सोबत एक कोरा, आतून कोरडा, नव्या प्लास्टिकचा वास येणारा. साहेबांनी तो शिवण विभागात स्वतः नेला. बाईंनी त्यात डोके घालून पाहिले. "बरा हाय," एवढेच म्हणाल्या. साहेबांना त्या दोन शब्दांनी जे झाले, ते मालकांच्या कोणत्याही शाबासकीने झाले नसते. त्यानंतर शेडमध्ये सळई तापली नाही. कॅन जायचे, भरून यायचे, आणि सोबत कोरे यायचे. साहेब निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली; पद्धत चालू आहे.

राहिले तारण. ते सोडवायला साहेब एका रविवारी बाईंच्या घरी गेले. सोमवारी माझ्याकडे आले ते रिकाम्या हातांनी.

"पिंप?"

"होतं. ओट्यावर होतं. काठोकाठ भरलेलं. सून तोटीखाली बाळाचे हात धूत होती." ते स्टुलावर बसले. "भरलेलं भांडं मागता येत नाही हो."

"मग घरी काय सांगितलंत?"

"घरी अजून गेलो नाही. काल दुसऱ्या रस्त्याने गेलो, तो लांब निघाला," असे म्हणून ते स्वतःशीच हसले. त्यांना मी स्वतःवर हसताना तेवढेच एकदा पाहिले. खरे तर ते रात्री घरी गेले होते आणि पत्नीने जे बोलायचे ते बोलूनही झाले होते. तेही त्यांनी मग सांगितले.

पुढच्या महिन्यात गाडीबरोबर दोन कोरे कॅन आले. शिवण विभागाच्या बायका स्टोअरच्या दारात उभ्या राहिल्या. सुगलाबाई कोणाला द्यायचे ते सांगत होत्या. ते काम एव्हाना माझ्याकडून त्यांच्याकडे गेले होते आणि मला त्याचे दुःख नव्हते. साहेब आले आणि घसा साफ करून म्हणाले, "यातला एक मला मिळाला तर... घरी अडचण आहे."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. अडचण कशामुळे आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

"सायेब, पाळी लागंल तवा. रांग तितनं हाय, बघा, काशीबाईच्या मागं."

साहेब रबरी बूट वाजवत मागे गेले आणि काशीबाईंच्या मागे जाऊन उभे राहिले.

"आन् तुमच्या मागं कुणी आलं," बाई इथून ओरडल्या, "तर सांगा, पाळी मोडून कुणाला मिळत न्हाई म्हणावं."

"सांगतो," साहेब म्हणाले.